चारचौघांत वाढणारी बुद्धी : लेव्ह व्हायगॉट्स्की

मूल सहा वर्षांचे झाले, त्याचे नाव पटावर चढले, घरात पाटी-दप्तर आले, म्हणजे त्याच्या शिक्षणाला सुरुवात झाली, अशी आपल्याकडे सर्वसाधारण समजूत असते. त्याआधीची वर्षे नुसती खाण्यापिण्याची, खेळण्याची आणि रडण्याची, असे आपण धरून चालतो. ज्या घरात आईवडिलांना स्वतःला फारसे शिकता आले नाही, तेथे तर एक कमीपणाचा भावही असतो. आपल्याकडून मुलाला काय मिळणार, जे मिळायचे ते शाळेतच मिळेल, असे म्हणून असे पालक मागे सरतात.

या समजुतीला शास्त्राच्या आधाराने धक्का देणारे जे थोडे विचारवंत विसाव्या शतकात होऊन गेले, त्यांत रशियातील मानसशास्त्रज्ञ लेव्ह सेम्योनोविच व्हायगॉट्स्की यांचे स्थान फार वरचे आहे. त्यांना आयुष्य लाभले अवघे ३७ वर्षांचे आणि मानसशास्त्राची सलग सेवा घडली जेमतेम दहा वर्षे. तेवढ्या काळात त्यांनी लहान मुलाची समज कशी वाढते या प्रश्नाकडे पाहण्याची दिशाच बदलून टाकली. आज केंद्रीय शिक्षक पात्रता परीक्षेच्या अभ्यासक्रमात त्यांचे नाव आहे व अध्यापक होऊ इच्छिणारे आपले विद्यार्थी ते पाठही करतात. मात्र त्यांच्या विचारांची खरी गरज ज्यांना आहे त्या पालकांना त्यांचा परिचय क्वचितच असतो. तो करून द्यावा, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

गोमेलचे घर

व्हायगॉट्स्की यांचा जन्म १७ नोव्हेंबर १८९६ रोजी ओर्शा या गावी एका ज्यू कुटुंबात झाला. हे गाव त्या वेळी झारच्या साम्राज्यात होते. आज ते बेलारूस देशात आहे. ते अगदी लहान असतानाच कुटुंब गोमेल शहरी राहावयास आले. आठ भावंडांत त्यांचा क्रमांक दुसरा. वडील बँकेत अधिकारी होते आणि विमा कंपनीचेही काम पाहत. गावात सार्वजनिक वाचनालय उभे राहावे म्हणून त्यांनी पुढाकार घेतला होता. आईने शिक्षिकेचे शिक्षण घेतलेले होते, पण आठ मुलांच्या संसारात तिची शाळा घरातच भरली. संध्याकाळी सारे कुटुंब चहाच्या मेजाभोवती जमे आणि तेथे लहानथोर सगळे मिळून गप्पा करीत. पुस्तके, नाटके, इतिहास असे कोणतेही विषय त्या बैठकीला वर्ज्य नसत.

याच घरात डेव्हिड नावाचा एक चुलतभाऊ वाढत होता. तो लेव्हपेक्षा तीन वर्षांनी मोठा. भाषांची आणि साहित्याची गोडी लेव्ह यांना त्याच्या संगतीत लागली. प्रारंभीचे शिक्षणही घरीच झाले. सोलोमन आश्पिझ नावाचे गणिताचे जाणकार गृहस्थ शिकवावयास येत. धडा सांगून मोकळे होण्याची त्यांची रीत नव्हती. ते मुलाला बोलू देत, शांतपणे ऐकून घेत आणि मग प्रश्न विचारून त्याच्याच तोंडून चूक दुरुस्त करून घेत. पंधराव्या वर्षी लेव्ह स्वतः मित्रांचे एक अभ्यासमंडळ चालवू लागले. त्यात आपल्या समाजाच्या इतिहासावर चर्चा होत. सोबती त्यांना गमतीने छोटे प्राध्यापक म्हणत.

हा तपशील मुद्दाम दिला आहे. आई, वडीलभाऊ, घरी येणारा शिक्षक आणि बरोबरीचे मित्र अशा चार प्रकारच्या माणसांकडून हा मुलगा शिकला. माणूस माणसाकडून कसा शिकतो, हाच पुढे त्याच्या संशोधनाचा विषय झाला.

सोडतीवर टांगलेले भवितव्य

झारच्या राज्यात ज्यूंवर अनेक बंधने होती. साम्राज्याच्या पश्चिमेकडील ठराविक पट्ट्याबाहेर राहण्याची त्यांना सर्रास मुभा नव्हती, आणि सरकारी शाळांत शिक्षकाची नोकरीही मिळत नसे. मॉस्को आणि सेंट पीटर्सबर्ग येथील विद्यापीठांत त्यांच्यासाठी शेकडा ३ इतक्याच जागा होत्या. १९१३ साली लेव्ह सुवर्णपदक मिळवून शाळेतून बाहेर पडले. सुवर्णपदक म्हणजे प्रवेश नक्की, असा तोवरचा अनुभव होता. परंतु त्यांच्या परीक्षा चालू असतानाच सरकारने नियम बदलला. ज्यू विद्यार्थ्यांच्या जागा गुणांऐवजी चिठ्ठ्या टाकून भराव्यात, असे ठरले. वर्षानुवर्षांच्या मेहनतीचे फळ एका सोडतीवर येऊन लटकले. सुदैवाने त्यांची चिठ्ठी निघाली आणि त्यांना मॉस्को विद्यापीठात प्रवेश मिळाला. ज्यांची चिठ्ठी निघाली नाही त्या हुशार मुलांचे काय झाले असेल, याची कल्पना वाचकांनीच करावी.

आईवडिलांच्या इच्छेने त्यांनी आधी वैद्यकीय शाखेत नाव घातले, पण महिनाभरातच ते कायद्याकडे वळले. मन मात्र साहित्य, तत्त्वज्ञान व इतिहास यांत रमत असे. म्हणून शान्याव्स्की यांच्या नावाने चालणाऱ्या लोकविद्यापीठातही ते त्याच वेळी शिकू लागले. या संस्थेच्या पदवीला सरकारी मान्यता नव्हती. ज्ञानाला मात्र तेथे तोटा नव्हता.

१९१७ साली शिक्षण पुरे करून ते गोमेलला परतले. त्याच वर्षी झारशाही कोसळली, ज्यूंवरील निर्बंध उठले आणि त्यांना शाळेत शिकवण्याची वाट मोकळी झाली. घरात मात्र दुःखाची रांग लागली होती. आईला क्षयाने गाठले. एक धाकटा भाऊ क्षयाने दगावला व दुसरा विषमज्वराने गेला. या आजाऱ्यांची सेवा करता करता १९२० च्या सुमारास लेव्ह यांनाही क्षय जडला. त्या काळी या रोगावर औषध नव्हते. आपल्या हाती थोडीच वर्षे आहेत, हे जाणूनच त्यांनी पुढचे सारे काम केले. गोमेलच्या अध्यापक विद्यालयात शिकवीत असताना त्यांनी तेथे मानसशास्त्राची एक छोटी प्रयोगशाळा उभी केली. शिक्षकांना रोज पडणाऱ्या अडचणी हाच त्यांचा अभ्यासाचा विषय होता.

मॉस्कोचे बोलावणे

जानेवारी १९२४ मध्ये पेट्रोग्राड (पुढचे लेनिनग्राड) येथे मानसशास्त्रज्ञांची मोठी परिषद भरली. नामांकित विद्वानांच्या त्या सभेत जिल्ह्याच्या गावाहून आलेला २७ वर्षांचा एक अपरिचित शिक्षक बोलावयास उभा राहिला. भाषण इतके मुद्देसूद झाले की श्रोते थक्क झाले. त्यांतील अलेक्झांडर लुरिया या तरुण शास्त्रज्ञाने ती आठवण पुढे लिहून ठेवली आहे. लवकरच मॉस्कोच्या मानसशास्त्र संस्थेने व्हायगॉट्स्की यांना बोलावून घेतले. त्याच वर्षी रोझा स्मेखोवा यांच्याशी त्यांचा विवाह झाला. संस्थेच्या तळघरातील एका खोलीत या जोडप्याचा संसार सुरू झाला. पुढे त्यांना गीता व आस्या या दोन मुली झाल्या.

मॉस्कोत त्यांच्याकडे अंध, कर्णबधिर व मंदबुद्धी मुलांच्या शिक्षणाचे काम आले. १९२५ साली कर्णबधिरांच्या शिक्षणावरील परिषदेसाठी ते लंडनला गेले. तो त्यांचा एकमेव परदेश प्रवास. या मुलांमध्ये काम करताना एक गोष्ट त्यांच्या ध्यानात आली. डोळे किंवा कान नसल्याने मुलाचे जेवढे नुकसान होते, त्याहून मोठे नुकसान त्याला माणसांतून बाजूला काढल्याने होते. खेळात घेतले नाही, बोलण्यात घेतले नाही, कामात घेतले नाही, म्हणजे त्याची बुद्धी खुंटते. सगळ्या दुबळ्या मुलांचा एक निराळा कळप करून ठेवू नये, पुढे असलेल्यांच्या सहवासात त्यांना वाढू द्यावे, असा आग्रह त्यांनी धरला.

बोटापासून विचारापर्यंत

व्हायगॉट्स्की यांच्या सिद्धांताचे सार असे आहे. मुलाच्या मनात जी जी उच्च शक्ती दिसते, ती आधी दोन माणसांच्या व्यवहारात वावरलेली असते आणि नंतर मुलाच्या आत मुक्कामाला येते. लक्ष देणे, आठवण ठेवणे, विचार करणे, स्वतःला आवरणे, या सर्वांचा मार्ग हाच.

यासाठी त्यांनी दिलेले उदाहरण प्रत्येक आईने पाहिलेले आहे. तान्हे मूल दूरच्या खुळखुळ्याकडे हात पसरते. हात पोचत नाही, बोटे हवेत हलत राहतात. त्या क्षणी मुलाला कोणाला काही सांगायचे नसते, त्याला वस्तू हवी असते. आई मात्र तो हात पाहते, मुलाला काय हवे ते ओळखते आणि खुळखुळा आणून देते. असे अनेकदा घडले म्हणजे मुलाला कळू लागते की आपला हात वस्तूपर्यंत पोचला नाही तरी आईपर्यंत पोचतो. मग ते वस्तूकडे बोट दाखवून आईच्या तोंडाकडे पाहू लागते. हाताच्या त्या हालचालीला अर्थ दिला तो आईने. मुलाला तो मागाहून कळला. दुसऱ्या माणसालाही मन आहे, ते आपल्याकडे वळवता येते, या समजुतीचा उगम अशा साध्या प्रसंगात आहे.

बोलण्याचेही तसेच. तीन-चार वर्षांची मुले खेळताना एकटीच मोठ्याने बोलत असतात. स्विस शास्त्रज्ञ झां पियाजे यांचे त्या वेळी असे मत होते की हे बोलणे आत्मकेंद्री असते आणि वयाबरोबर विरून जाते. व्हायगॉट्स्की व त्यांच्या सहकाऱ्यांनी प्रयोग केले. चित्र काढावयास बसलेल्या मुलापुढे हव्या त्या रंगाची पेन्सिल ठेवली नाही, की त्याची बडबड जवळजवळ दुप्पट होई. निळी पेन्सिल नाही तर लाल घेऊन ती ओली करावी, म्हणजे रंग गडद दिसेल, अशी तोड मूल बोलता बोलता काढी. अडचण आली की बोलणे वाढते, म्हणजे ते बोलणे विचाराचेच काम करीत असते. उलट, त्याच मुलाला कर्णबधिर किंवा परकी भाषा बोलणाऱ्या मुलांत बसवले, की ही बडबड एकदम कमी होई. कोणी ऐकत आहे, कोणाला समजत आहे, हा भरवसाच तिच्या मुळाशी होता. पुढे हेच बोलणे ओठांवरून आत जाते आणि मनातल्या मनात विचार करण्याची आपली रीत तयार होते. पियाजे यांना ही टीका वाचावयास मिळाली ती सुमारे पंचवीस वर्षांनी. तेव्हा बऱ्याच मुद्द्यांवर त्यांनी मोकळेपणाने सहमती दर्शविली.

खेळाला तर व्हायगॉट्स्की यांनी फार मोठा मान दिला. काठीचा घोडा करणारे मूल प्रथमच डोळ्यांना दिसणाऱ्या वस्तूहून तिचा अर्थ वेगळा काढते. दोन सख्ख्या बहिणी बहिणी-बहिणींचा खेळ खेळतात, हे एक जुने उदाहरण त्यांनी उलगडून दाखविले आहे. एरवी त्या बहिणीच असतात, पण बहिणीने कसे वागावे याचा विचार त्यांनी केलेला नसतो. खेळात मात्र तो करावा लागतो. थोरलीने धाकटीला सांभाळायचे, दोघींनी सारखे कपडे घालायचे, आपले ते आपले आणि परक्याचे ते परके मानायचे. भातुकलीत आई होणारी मुलगी आईच्या जागी उभी राहून जगाकडे पाहते. दुसऱ्याच्या जागी उभे राहण्याचा हा सराव कोणत्याही पुस्तकात मिळत नाही.

दोन मुलांची एकच बुद्धी?

त्यांचा सर्वांत गाजलेला विचार बुद्धिमापन चाचण्यांविषयी आहे. समजा, दोन मुलांची चाचणी घेतली आणि दोघेही आठ वर्षांच्या मुलाइतकी उदाहरणे एकट्याने सोडवू शकले. शाळा म्हणणार, दोघे सारखे. व्हायगॉट्स्की यांनी पुढचा प्रश्न विचारला. थोडी मदत केली, पहिली पायरी दाखवली, एखादा सूचक प्रश्न केला, तर ही मुले कोठवर जातात? तेव्हा दिसते की एक मूल बारा वर्षांच्या पातळीची उदाहरणे सोडवते आणि दुसरे नऊ वर्षांच्या पातळीवर थांबते. मग ही दोघे सारखी कशी? एकट्याने जमणारे आणि मदतीने जमणारे यांच्यामधील या अंतराला त्यांनी निकटच्या विकासाचे क्षेत्र असे नाव दिले. आज जे मूल हात धरून करते, ते उद्या हात सोडून करील. शिकवणाऱ्याने काम करावयाचे ते याच पट्ट्यात. जमलेलेच पुन्हा घोटून घेण्यात वेळ जातो आणि फार पुढचे लादल्यास मूल हिरमुसते.

१९७६ साली ब्रिटन व अमेरिकेतील संशोधकांनी अशा मदतीला परांचीची उपमा दिली. इमारत चढत असते तोवर परांची हवी. भिंत उभी राहिली की ती काढून घ्यावी लागते. मुलाचा गृहपाठ स्वतः लिहून देणाऱ्या पालकांनी आणि उत्तरे तयार करून देणाऱ्या शिकवणी वर्गांनी ही उपमा विचारात घेण्यासारखी आहे. तेथे भिंत उठतच नाही, नुसती परांची वाढत जाते.

ताश्कंद आणि उझबेकिस्तान

१९२९ साली व्हायगॉट्स्की ताश्कंदच्या विद्यापीठात व्याख्याने देण्यासाठी काही काळ राहिले. त्यानंतर १९३१ व १९३२ साली लुरिया यांनी उझबेकिस्तानच्या खेड्यांत पाहणी केली. प्रकृतीमुळे व्हायगॉट्स्की यांना त्यात जाता आले नाही. तेथील निरक्षर शेतकऱ्यांना हातोडा, करवत, कुऱ्हाड आणि ओंडका यांतील वेगळे काय ते निवडावयास सांगितले, तर त्यांना काहीच वेगळे काढावेसे वाटेना. ओंडका नसेल तर करवत चालवायची कशावर, हा त्यांचा हिशेब. थोडे शालेय शिक्षण झालेले लोक मात्र हत्यारे एका बाजूला काढीत. माणूस ज्या व्यवहारात राहतो तसा विचार करतो, हे यातून दिसले. शाळेचे उत्तर तेवढे वरचे आणि शेतकऱ्याचे खालचे असा अर्थ त्या वेळी काढला गेला, त्यावर पुढे टीका झाली आणि ती रास्त होती. शेतकऱ्याच्या उत्तरातही पक्के तर्कशास्त्र आहे. त्याच्या कामाने त्याला ते शिकवले आहे.

अखेर व नंतर

प्रकृती ढासळत असताना व्हायगॉट्स्की यांनी कामाचा वेग वाढवला. मॉस्को, लेनिनग्राड व खारकोव्ह येथे व्याख्याने चालू होती. इतकेच नव्हे, तर १९३१ साली, पस्तिशीच्या उंबरठ्यावर, त्यांनी वैद्यकीय शिक्षणासाठी विद्यार्थी म्हणून पुन्हा नाव घातले. विचार आणि भाषा यांच्या संबंधावरील आपल्या ग्रंथाचे अखेरचे प्रकरण त्यांनी आजारपणात सांगून लिहून घेतले. ११ जून १९३४ रोजी त्यांचे निधन झाले. ग्रंथ प्रसिद्ध झाला तो त्यानंतर काही महिन्यांनी.

४ जुलै १९३६ रोजी सोव्हिएत सत्ताधारी पक्षाने बालविकासाच्या त्या काळच्या अभ्यासशाखेवरच बंदी आणली. व्हायगॉट्स्की यांची पुस्तके वीस वर्षे पुन्हा छापली गेली नाहीत. १९५६ साली ती पुन्हा प्रकाशात आली, १९६२ साली इंग्रजीत गेली आणि १९७८ च्या दुसऱ्या इंग्रजी ग्रंथानंतर जगभरच्या अध्यापक विद्यालयांत पोचली.

त्यांच्या पश्चात संशोधनही पुढे गेले. १९८३ साली दोन शास्त्रज्ञांनी मुलांना एक गोष्ट सांगितली. एक मुलगा चॉकलेट कपाटात ठेवून खेळावयास जातो. त्याच्या मागे आई ते दुसरीकडे ठेवते. परत आल्यावर तो कोठे शोधील? तीन वर्षांची मुले बहुधा नवी जागा सांगतात. चार-पाच वर्षांची होता होता बहुतेकांना कळते की त्या मुलाला बदल ठाऊक नाही, म्हणून तो जुन्याच जागी शोधील. दुसऱ्याच्या मनातले आणि आपल्या मनातले वेगळे असू शकते, ही फार मोठी समज. पुढील अभ्यासांत असे आढळले की ऐकू येणाऱ्या घरातील कर्णबधिर मुलांना ही समज उशिरा येते, कारण घरात त्यांच्याशी मोकळा संवाद होत नाही. ज्यांचे आईवडील लहानपणापासून खुणांच्या भाषेत त्यांच्याशी बोलतात, त्या कर्णबधिर मुलांना मात्र ती वेळेवर येते. कमतरता कानाची नव्हती, बोलण्याची होती. व्हायगॉट्स्की यांनी १९२० च्या दशकात जे सांगितले, त्याला यातून पुष्टीच मिळते.

पालक बंधुभगिनींनो, या चरित्रातून घरी नेण्यासारखे पुष्कळ आहे आणि त्याला पैसा लागत नाही. कणीक मळताना मुलाच्या हाती एक गोळा द्यावा आणि आपण काय करतो ते सांगत जावे. जेवायला किती माणसे आहेत हे मोजून ताटल्या मांडण्याचे काम पाच वर्षांच्या मुलाला द्यावे. चुकला तर एक ताटली कमी पडेल व चूक त्याची त्यालाच दिसेल. धाकटा भाऊ का रडला असेल, शेजारच्या खाला आज गप्प का होत्या, असे प्रश्न मुलांना विचारावेत आणि उत्तर ऐकून घ्यावे. दादी-नानीच्या गोष्टी बंद पडू देऊ नयेत. थोरल्या भावंडाला धाकट्याचा शिक्षक होऊ द्यावे. त्यात दोघांचेही शिक्षण होते. मूल एकटेच बडबडत असेल तर त्याला दटावू नये, ते विचार करीत आहे असे समजावे. हातात मोबाईल देऊन मूल शांत बसते हे खरे, पण त्या पडद्याला मुलाने दाखवलेले बोट दिसत नाही.

आणि विद्यार्थी मित्रहो, वर्गातील ज्या सोबत्याला उदाहरण सुटत नाही, त्याच्याजवळ बसून पहिली पायरी दाखवा. दुसरी त्याला स्वतःला करू द्या.